साडेतीनशे फुटांची मावशी

मावशीला किळस कशाचीही यायची. बसमधल्या चिकट दांड्याची, कुणीतरी चावलेल्या पेनाच्या टोपणाची, पाहुण्यांकडच्या न्हाणीघरात लटकलेल्या कायम ओल्या टॉवेलची. नवरा होता तेव्हा चारचौघांत सांगायचा, "हिनं मला पसंत केलं, कारण त्या दिवशी मी नखं कापून गेलो होतो." तो बिचारा गेला, पण मावशीच्या नाकावरची आठी काही गेली नाही.

तिनं बत्तीस वर्षं काढली बेअरिंगच्या कारखान्यात. पोलादी गोळी मापाच्या खाचेतून गेली तर पास, अडली तर भंगार. एकदा साहेब काकुळतीला आले, "बाई, एवढी पेटी जाऊ द्या हो, ट्रक खाली उभा आहे." हिनं पेटी उचलली आणि साहेबांच्या टेबलावर पालथी घातली. गोळ्या टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून जिन्यावर, जिन्यावरून थेट उपाहारगृहात. दोन दिवस अख्खा कारखाना भिंतीला धरून चालत होता. निरोप समारंभात साहेबांनी हे स्वतः सांगितलं, आणि सांगताना पायाखाली बघून घेतलं.

अशा बाईला भाच्यानं, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या मुलानं, कामाला घेतलं. त्यानं एक बंद पडलेलं गोदाम भाड्यानं घेऊन तिथं एअरसॉफ्टचं मैदान काढलं होतं. खेळ असा की हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, त्यांतून उडणारे वाटाण्याएवढे प्लॅस्टिकचे छर्रे, दोन टोळ्या, आणि आडोशाला रचलेले टायर नि पिंपं. ज्याला छर्रा लागला त्यानं हात वर करून आपणहून बाहेर व्हायचं. इथंच मावशीला पहिली शिसारी आली. लागल्यावरही न लागल्यासारखं करणारी माणसं तिनं पहिल्याच दिवशी सात मोजली. त्यातले दोघं वकील.

तिचं काम फाटकाशी. टेबलावर वेग मोजायचा मीटर, आखूड नळीसारखा. त्यातून छर्रा मारला की वेग पडद्यावर दिसतो. सेकंदाला साडेतीनशे फूट ही हद्द. त्याखालच्या बंदुकीच्या नळीवर लाल पट्टी चिकटवायची, पट्टीवर मावशीची सही. त्यावरची बंदूक परत गाडीत. आणि मोजायचं ते मैदानाच्या डबीतल्या छर्र्यांनीच, पॉइंट वीस ग्रॅमच्या. कारण त्याच बंदुकीतून जड छर्रा हळू निघतो आणि हलका जोरात. ज्यानं त्यानं आपापला छर्रा घातला तर आकड्याला काही अर्थच उरत नाही.

खेळ संपला की तोंड-डोळे वाचवायला भाड्यानं दिलेले मुखवटे धुणंही तिच्याकडे. ते काम ती दोन जोड हातमोजे घालून, मान एका बाजूला वळवून करायची. "माणसाच्या तोंडातून इतकं काय काय गळतं," ती बहिणीला फोनवर सांगायची, "हे मला साठाव्या वर्षी कळलं गं."

त्या रविवारी रांग फाटकाबाहेर गेली. भाचा घामाघूम होऊन आला.

"मावशी, आवर ना. आपले छर्रे भरायचे, मारायचे, परत काढायचे, यातच दुपार होणार. ज्याचे त्याचे घालून मोज आजच्या दिवस."

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग मोड तूच. मी नाही मोडत."

"बरं बाई, मोडला मी. मोज आता!"

रांगेतली माणसं हसली. मावशीनं तोंड कडू केलं, पण डबीचं झाकण लावलं. बत्तीस वर्षांत जे साहेबाला जमलं नाही ते भाच्याला जमलं. मावशी म्हणून हट्ट करणाऱ्यापुढे तिचं कधीच चालायचं नाही.

रांगेत दातांचे डॉक्टर होते. हे दर रविवारी वीस माणसं घेऊन यायचे, त्यामुळे भाचा त्यांच्या गाडीचं दार स्वतः उघडायचा. त्यांची नवी बंदूक लांबलचक. तीन वेळा मारली. तीनशे त्रेचाळीस, तीनशे एक्केचाळीस, तीनशे त्रेचाळीस.

"बसलं की नाही हद्दीत?" डॉक्टर म्हणाले आणि ज्या बोटानं नाकाची शेंडी खाजवली त्याच बोटानं सांडलेले छर्रे मावशीकडे ढकलले. "ठेवा तुम्हाला, खेळायला."

मावशीनं पट्टी लावली, सही केली, डॉक्टर आत गेले. मग तिनं कागदाच्या चिमटीत ते छर्रे उचलले, टाकून द्यायला. दहा होते. कचऱ्याच्या डब्याशी जाऊन ती थबकली. नव्या मालाची पाकिटं तपासायला टेबलाखाली छोटा काटा असायचा. तिनं दहाही छर्रे त्यावर ठेवले.

दोन ग्रॅम भरायला हवे होते. तीन भरले.

डॉक्टरांनी जड छर्रे घालून आकडा खाली आणला होता. हलका घातला तर हीच बंदूक चारशेच्या पार जाणार, आणि जडच घातला तरी त्याच वेगाच्या हलक्या छर्र्यापेक्षा मार दीडपट. आत गोदामात दहा पावलांवरून गोळीबार चालतो. अर्ध्यांच्या तोंडाला नुसता चष्मा, गाल-ओठ उघडे. आणि त्या बंदुकीवर सही कुणाची? मावशीची. आजवर जगातल्या घाणीची किळस करणाऱ्या बाईला पहिल्यांदा स्वतःच्या हाताची किळस आली.

खेळ थांबवायचा भोंगा आत, पंचाच्या चौथऱ्यावर. आणि चष्मा किंवा मुखवटा चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम तिनंच फाटकावर रंगवून घेतला होता. धुतलेले मुखवटे सगळे वाटून झालेले. उरली होती ती सकाळच्या तुकडीची बादली, न धुतलेली. तिनं वरचा मुखवटा उचलला. आत वाफ धरलेली, हनुवटीशी लाळेचा वाळलेला ओघळ, कपाळपट्टीला कुणाच्या तरी केसांचं तेल, आणि वास सिगारेटचा नि शिळ्या दुधाचा. दुसरा बघितला. तो पहिल्याला बरा म्हणायला लावणारा. मावशीनं डोळे मिटले, श्वास कोंडला आणि पहिला तोंडावर चढवला. दोनदा उमासा आला, दोन्ही गिळले. दोन्ही हात वर करून ती आत शिरली. कानाजवळून काहीतरी सूं करून गेलं, एक छर्रा पाठीत बसला. तरी न थांबता चौथऱ्यावर चढून तिनं भोंगा असा दाबला की पंचच खाली बसला.

"चष्मे कुणी काढायचे नाहीत! बंदुका खाली! डॉक्टर, पुढे या."

"काय झालं आजी?"

"आजी तुमच्या घरी. बंदूक आणा."

"अहो, पट्टी आहे, तुमचीच सही आहे."

"सही चुकीची आहे." तिनं पट्टी फाडली. टेबलाशी आणून, सगळ्यांसमोर, डबीतला छर्रा घालून मारलं. चारशे एकवीस.

एक नळदुरुस्तीवाला पुढे झाला. कानाची पाळी त्यानं रुमालानं दाबून धरली होती, रुमाल लाल. "म्हणजे हे यांचं काम होय! मला वाटलं गांधीलमाशी चावली."

"खेळात थोडंफार लागतंच," डॉक्टर म्हणाले.

"लागतं ना," मावशी म्हणाली. "दोन बोटं इकडे बसलं असतं तर दात पडला असता. तो मग तुम्हीच बसवला असता. शी!"

डॉक्टर लाल झाले. भाच्याकडे वळून म्हणाले, "आमची वीस माणसं निघाली. आवरा तुमच्या मावशीला."

भाचा मावशीकडे बघत राहिला, मग त्या रुमालाकडे. गळ्यावरचा घाम त्यानं दोनदा पुसला. "गाडी काढा डॉक्टर," तो शेवटी म्हणाला. "फाटक मी उघडतो." डॉक्टर निघाले. विसातले आठ त्यांच्यामागे गेले, बाराजण तिथंच घुटमळले.

"झालं?" भाचा म्हणाला. "करायचा सुरू खेळ?"

"कसला खेळ? आज सगळ्यांनी आपापले छर्रे घातलेत. कुणाचा आकडा खरा, मला काय माहीत? सगळ्या पट्ट्या फाडायच्या. पहिल्यापासून."

"मावशी, चाळीस बंदुका आहेत!"

"मग उभा का आहेस? डबी धर."

पुन्हा रांग लागली. माणसं कुरकुरली, पण कानवाल्याचा रुमाल बघून गप्प झाली. पहिली बंदूक तीनशे तीस. दुसरी तीनशे अठरा. तिसरी मावशीनं टेबलाच्या कडेची उचलली, मारली, आकडा वाचला आणि नाक मुरडलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"ही कुणाची?"

डबी धरलेला भाचा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"गेल्या महिन्यात जास्त कडक स्प्रिंग घातली मी," तो हळूच म्हणाला. "मालकाची कोण मोजतं, म्हणून राहिली."

रांगेत हशा पिकला, नळदुरुस्तीवाला तर कान धरूनच हसला. मावशी हसली नाही. तिनं ती बंदूक दोन बोटांत, मेलेला उंदीर उचलावा तशी, धरून भाच्याच्या हातात दिली.

"गाडीत ठेवून ये," ती म्हणाली. "आणि येताना हात धू. पुढचा!"