टोपीतल्या चिठ्ठ्या

पालघरच्या कॉलेजात आम्ही बोईसरकडचे पाच जण अर्थशास्त्राला होतो आणि सरावाच्या गणितांचं पुस्तक पाचांत मिळून एकच होतं. आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे ते घिवलीचे. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. गणितात पिशवी आली की भाऊ अडायचे. "पिशवीत पाच लाल आणि तीन काळे चेंडू आहेत, लाल निघण्याची शक्यता किती?" यावर ते म्हणायचे, "पिशवीत डोकावून बगा की! शक्यता कशाला पायजे?" एकामागून एक खात गेलं की समाधान घटत जातं, हा नियम त्यांनी केळ्यापुरता मान्य केला होता. "बोंबलाला तो लागू नाय," असं त्यांनी सरांनाही ऐकवलं.

पुस्तक घरी कोणी न्यायचं, ते रोज बोईसर स्टेशनच्या बाकावर भाऊंच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरायचं. चिठ्ठ्या लिहायचं काम भाऊंचंच. परीक्षा तोंडावर आली, तरी महिनाभरात त्यांचं नाव एकदाही निघालं नाही. मी त्याची शक्यता मांडून पाहिली. ती इतकी कमी आली की मला संशय आला. मग मी सरळ टोपी ओढून घेतली आणि आत डोकावलो. चिठ्ठ्या चारच होत्या.

"भाऊ, तुमची कुठंय?"

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "पाचांत एक होती, ती तुमची शक्यता चारांत एक झाली. बरोबर हाय ना?"

बरोबर होतं. वर्षभरात भाऊंचं बरोबर आलेलं ते पहिलंच गणित.