इस्त्री केलेली पावती

इस्त्रीवाल्या बाईंनी भावाच्या खटल्याचे कागद वकीलबाईंच्या ऑफिसात आणले ते कसे, तर कडक इस्त्री करून! कोर्टात चुरगळलेलं काही न्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. ऑफिसातल्या कारकूनकाकांनी पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला. औषधाच्या दुकानाची पावती गरम इस्त्रीखाली काळीठिक्कर पडली होती. आणि नेमकी तीच तर हवी होती! ज्या गोदामाच्या चोरीचा भावावर आळ होता, ते फुटलं चारच्या सुमारास; त्या वेळी भाऊ आईचं औषध घेत होता, हे सांगणारा तेवढा एकच कागद.

इस्त्रीवाल्या बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "काका, हरवली म्हणून सांगू या ना!"

"छे! झालं तेच सांगायचं," काका म्हणाले. ना चिडले, ना ओरडले.

त्यांची पद्धतच न्यारी. त्या दिवसाच्या प्रत्येक तासाची चिठ्ठी टेबलावर मांडायची आणि तिच्याखाली त्या तासाचा पुरावा. चारच्या चिठ्ठीखाली त्यांनी ती काळी पावती तशीच ठेवली आणि चपला घालून दुकान गाठलं. दुकानदार वैतागला, पण काका कसले हटतात! कॉम्प्युटरमधली त्या दिवसाची बिलं एकेक करून बघितली. चार वाजून दहा मिनिटांनी केलेलं, आईच्या नावाचं बिल निघालं. गोळ्या नकोत, पातळ औषधच द्या म्हणून भावाने घातलेली हुज्जतही दुकानदाराला आठवली. बरं झालं, भाऊ भांडखोर निघाला!

सुनावणीत साक्षीला उभ्या राहिलेल्या बाईंना सरकारी वकिलांनी घेरलंच. "कागदाला कुणी इस्त्री करतं का?"

"मी केली, साहेब. चूक माझी आहे, भावाची नाही." बाईंनी सांगून टाकलं.

भाऊ निर्दोष सुटला. दुसऱ्याच दिवशी बाई ऑफिसात हजर. "काका, तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. मी तर स्वतःच्या हाताने भावाला आत घातलंच होतं."

काका हातातला गठ्ठा बांधायचे थांबले.

"बाई, उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एका खटल्याचा कागद गहाळ झाला होता. त्यापायी तो माणूस सात वर्षं आत राहिला. मी तोंड उघडलं नाही. काल कोर्टात तुम्हाला बोलताना ऐकलं ना," त्यांनी चष्मा काढला, "आज सकाळी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगून आलो."