नुमाइशीतली सुई

माझी ती पोस्टिंग घरच्याच शहरात होती. राहायला जामबागेत, ड्युटी सिकंदराबादच्या लष्करी इस्पितळात. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हैदराबादेत केबल आली, परदेशी कोला आला, आणि एक अफवा आली. गर्दीत कोणीतरी सुई टोचतं आणि त्याने एड्स होतो. टोचलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. तरी बायका हात पदराखाली घेऊन चालत.

जानेवारीत नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात, आरोग्याचा स्टॉल लावायची ऑर्डर आली. टीम तिघांची: डॉक्टर कॅप्टन मॅडम, मी आणि नायक यादगिरी. यादगिरी नलगोंड्याकडचा, कमी बोलणारा. त्याला स्वतःलाच हा आजार होता. हे मॅडमना, मला आणि त्याच्या बायकोला ठाऊक होतं. कुठून झाला, ते मी विचारलं नाही. स्टॉलची ड्युटी त्याने मागून घेतली होती.

रोज तक्ते टांगायचे आणि तेच सांगायचं. हात मिळवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. लोक लांबून ऐकत. आमच्या हातून पत्रक कोणी घेत नसे. टेबलावर ठेवलं की मग उचलत. रविवार आला तोवर गर्दीची नजर बदलली होती. माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत होती.

त्या दुपारी मॅडम इस्पितळात गेल्या होत्या. स्टॉलच्या समोर बालम्मा नावाची म्हातारी झेंडूच्या माळा ओवत बसायची. तिच्याजवळून जाणारी एक मुलगी दंड धरून ओरडली, "सुई!"

कोणीतरी बालम्माचं मनगट पकडलं आणि तिची माळेची सुई वर धरली.

"येईच है."

टोपली उलटली. मी घोळक्यात घुसायला गेलो, तर खांद्यावर दणका बसला आणि मी मागे फेकला गेलो. स्टॉलवरचा वॉकी-टॉकी उचलला.

"गेट, हेल्थ स्टॉल. एका बाईला घेरलंय. पोलीस पाठवा. ओव्हर."

"हेल्थ स्टॉल, पोलीस दुसऱ्या टोकाला आहेत. वेळ लागेल. ओव्हर."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "जला दो." आवाज चढलेला नव्हता.

यादगिरी टेबलावर चढला.

"छोडो उसकू. बीमारी उसकू नहीं, मेरेकू है."

गर्दी वळली. त्याने तेच तेलुगूत सांगितलं. मग खाली उतरला आणि दोन्ही हात पसरून सरळ गर्दीत चालत गेला. माणसं मागे सरली. एकमेकांच्या पायांवर पाय देत सरली. मनगट धरणाऱ्याने मनगट सोडलं. यादगिरीने बालम्माला उठवलं, तिचा हात धरला आणि गेटकडे निघाला. मी मागे. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत होती, पण एकही हात पुढे आला नाही.

गेटवर पोलिसांनी तिला जीपमध्ये बसवलं. यादगिरी घामाने भिजला होता.

"हवालदार साब," तो म्हणाला, "आज अपना लेक्चर फेल हुआ. इसीच वास्ते वो बच गई."



गर्दीत त्याच्या गल्लीतलं कोणीतरी होतं. त्याच आठवड्यात घरमालकाने त्याचं सामान बाहेर ठेवलं. बायको लक्ष्मी त्याच्यासोबत राहिली. माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. या आजाराचं औषध तेव्हा आमच्या वॉर्डापर्यंत पोचलं नव्हतं. यादगिरी दिवसेंदिवस हलका होत गेला. उचलून कूस बदलायला मी एकटा पुरे व्हायचो. पावसाळा सरताना तो गेला.

गावाहून कोणी आलं नाही. इस्पितळाच्या दाराशी शववाहिनीचा ड्रायव्हर तोंडाला रुमाल बांधून गाडीतच बसून होता. आम्ही युनिटच्या चौघांनी स्ट्रेचर खाली ठेवलं. लक्ष्मी दोन पावलं दूर उभी होती.

"अण्णा, अब हात लगाऊं?" तिने विचारलं.

"लगाओ, अम्मा. कुछ नहीं होता."

तिने चेहऱ्यावरची चादर बाजूला केली आणि तळहात त्याच्या कपाळावर ठेवला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आम्ही चौघे सावधानमध्ये उभे राहिलो. तिचा हात निघेपर्यंत कोणी हललं नाही.