सहामाहीचा शेरा

खडकीच्या शाळेत मी सहावीची वर्गशिक्षिका होते. वर्गात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची मुलं जास्त. सहामाही झाली की दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून सगळी प्रगतिपुस्तकं भरायची. गुण उतरवायचे, बेरजा करायच्या, नापास गुणांखाली लाल रेघ ओढायची आणि शेवटी शेरा लिहायचा. तिथवर येईतो हात भरून यायचा, आणि डोकंही.

त्या वर्षी एका मुलीला गणितात बावीस गुण होते. अबोल मुलगी. दुपारच्या तासांना बाकावर डोकं टेकायची. मी लिहिलं, ‘वर्गात लक्ष नसते. दुपारी पेंगते. आळस सोडावा.’

सुट्टीनंतर पालकांची सही होऊन सगळ्यांची पुस्तकं परत आली, तिचं आलं नाही. विचारलं की म्हणायची, "उद्या आणते, बाई." पुढे ती शाळेतच येईनाशी झाली. संक्रांतीच्या सुमारास मुलींनी सांगितलं, ती गेली. हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं म्हणे.

वार्षिक निकालाच्या दिवशी पालकांची रांग संपल्यावर तिचे वडील आत आले. अंगावर कामावरचे खाकी कपडे. पिशवीतून प्रगतिपुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"तिच्या गादीखाली सापडलं. सही राहिली होती, ती केलीय. शाळेचं आहे, म्हणून परत द्यायला आलो."

मी बसा म्हटलं. ते उभेच राहिले. पुस्तक उघडून त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं.

"हे पेंगणं कधीपासून होतं, बाई?"

"गणपतीनंतर असेल."

"डॉक्टरांनी हेच विचारलं होतं, कधीपासून दमते म्हणून. आम्हाला धड सांगता आलं नाही. माझी पाळी बदलती, तिच्या आईला वाटलं उन्हातून चालत येते म्हणून झोपते." त्यांचं बोट अजून शेऱ्यावरच होतं. "तुम्हाला दिसत होतं."

आवाजात राग अजिबात नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं.

"आम्हाला का दाखवलं नसेल तिनं? मी मुलांना मारत नाही हो."

"विसरली असेल," मी म्हणाले. सही आणली नाही म्हणून तीन दिवस मी तिला तासभर मागे उभं केलं होतं. ते मात्र तोंडातून निघालं नाही.

पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या, एवढं म्हटलं. त्यांनी ते नीट पिशवीत घातलं, नमस्कार केला आणि गेले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ‘समाधानकारक’ याखेरीज शेरा लिहिला नाही. मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या, "बाई, आपल्या वर्गात सगळाच आनंदीआनंद दिसतो. शिक्का करून घ्या, शाई तरी वाचेल." मी हसले. खरं कारण त्यांनाही सांगितलं नाही.

आता कर्वेनगरला राहते. शेजारची सून मुलीचा निकाल मोबाइलवर आला की माझ्यापुढे धरते. "काकू, टीचरनी काय लिहिलंय बघा ना." चष्मा डोळ्यांवर असतो, तरी मी म्हणते, "अगं, मला एवढं बारीक दिसत नाही. ती घरी आल्यावर खेळते का, ते सांग."

ती हसून म्हणते, "खेळते की."

तरी संध्याकाळी खाली मुलांचा आवाज आला की मी गॅलरीत जाते आणि तिची मुलगी त्यांच्यात आहे का, ते बघून येते.