चोपत्याच्या खिंडीतलं ऊन

आमच्या देवाकडे काही मागता येत नाही, ही आम्हा जैनांची जुनी पंचाईत. तीर्थंकर वीतराग. ते कुणावर रागावत नाहीत आणि कुणाला पावतही नाहीत. निपाणीतले आमचे शेजारी अडचणीत यल्लम्मेला साडी बोलतात, नारळ बोलतात आणि मोकळे होतात. आम्ही हात जोडतो आणि निस्तरतो आपलं आपणच. माझी बायको त्रिशला गेली तेव्हा हे फार जाणवलं. भांडायला तरी कुणीतरी हवं होतं.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, नंतर पाण्याचा थेंबही नाही, हा त्रिशलाचा जन्मभराचा नियम. आदिनाथ भगवंतांचं निर्वाण झालं तो अष्टापद पर्वत बद्रीनाथच्या पहाडात आहे, असं तिनं कुठल्याशा प्रवचनात ऐकलं होतं. एकदा जाऊ, एकदा जाऊ म्हणत ती गेली. मग मी ठरवलं, तिच्या वतीनं आपण जायचं, आणि बद्रीनाथला पोहोचेपर्यंत तिचा नियम मोडायचा नाही. नियम मोडला तर मी पोहोचेन, ती पोहोचणार नाही, अशी माझी समजूत. थोरली बहीण, आक्का, म्हणाली, "अरं, साखरेचा आजार हाय तुला. एकट्यानं कशाला चाललाईस?"

"एकटा कुठं? टॅक्सी हाय की."

"व्हय व्हय. चक्कर आली की टॅक्सीच तोंडावर पाणी मारंल."

तर हरिद्वारला मी अख्खी टॅक्सी केली. लोक जागा वाटून घेतात. मी मागच्या सीटवर एकटा बसलो, आणि शेजारची अर्धी सीट मोकळी ठेवली. तिथं पिशवीसुद्धा ठेवली नाही. खाली नदी दिसली की "बघ" असं ओठांवर यायचं, आणि मी खोकल्यासारखं करायचो. ड्रायव्हर दिनेश गढवालचा, अबोल. तो फक्त रस्त्याकडे बघायचा. घाटात ड्रायव्हरनं तेच करावं, पण त्याचाही मला राग यायचा.

रुद्रप्रयागच्या पुढे दरड कोसळून हमरस्ता बंद झाला. दिनेशनं गाडी उखीमठकडे वळवली. तिथून चोपत्याची खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. सकाळी घाईत दोन घास खाल्ले होते, तेवढेच. दरीतून जाताना मी साखर उतरवायची गोळी घेतली. पुढच्या झऱ्याशी थांबून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची असा बेत होता. गोळी पोटात गेली आणि पुढच्याच वळणावर ऊन नाहीसं झालं. सूर्य डोंगराआड गेला. मांडीवर उघडून ठेवलेला दशम्यांचा डबा मी बंद केला.

दिनेशनं झऱ्यापाशी गाडी थांबवली. "बाबूजी, खाना?"

"नहीं. सूरज डूब गया. हमारे में नहीं चलता."

त्यानं वर आभाळाकडे पाहिलं. आभाळ लख्ख होतं. "डूबा कहाँ? अभी तो दोपहर है."

"दिखता है क्या तुमको?"

"पहाड़ के पीछे है, बाबूजी."

"पीछे है मतलब डूब गया. घड़ी का और धरम का क्या संबंध?"

त्यानं आरशात माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि गाडी सुरू केली. आता सांगताना माझं मलाच हसू येतं. निपाणीची भुई उघडी. आमच्याकडे सूर्य तंबाखूच्या वखारींमागे गेला की मावळला. त्यात वाद नाही. भर दुपारी कुणी डोंगर मध्ये घालील हे डोक्यातच नव्हतं. सूर्यास्ताची वेळ पंचांगात छापलेली असते, त्रिशलाही तीच बघायची. पण तिचा नियम तिच्यापेक्षा कडक पाळायचं भूत माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

चढ लागला. थंडी वाढत होती आणि मला घाम फुटत होता. आधी वाटलं, वळणांनी होतंय. मग हात थरथरू लागले. खिडकीबाहेरची झाडं एकमेकांत मिसळली. दिनेशला हाक मारायची म्हटलं तर जीभ उचलेना. मान कलली. त्यानं आरशात पाहिलं, त्याला वाटलं म्हातारा झोपला, आणि बिचाऱ्यानं माझी झोप मोडू नये म्हणून गाणी बंद केली. त्या शांततेत मला जे एकटेपण भेटलं ते बायको गेली त्या दिवशीही भेटलं नव्हतं. हातभर अंतरावर माणूस, आणि आपण संपत चाललोय हे त्याला कळत नाही. णमोकार मंत्र म्हणायला घेतला, पहिल्या ओळीपुढे जाईना. कुणाला बोलवायचं? येणारं तर कुणीच नव्हतं.

गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला गवताचा भारा घेऊन एक म्हातारी हात दाखवत उभी होती. तिला वरच्या गावापर्यंत यायचं होतं. एरवी दिनेशनं मला विचारलं असतं, आणि मी नाही म्हटलं असतं. ती सीट द्यायची नव्हती. पण मी झोपलेलो. त्यानं भारा टपावर चढवला आणि म्हातारीनं मागचं दार उघडलं, त्रिशलाच्या बाजूचं.

दारातून माझ्या मांडीवर ऊन पडलं.

चढता चढता आम्ही डोंगराच्या सावलीबाहेर आलो होतो. सगळा उतार उन्हात होता आणि मला ते दिसलंच नव्हतं. म्हातारीनं माझ्या कपाळाला हात लावला आणि दिनेशवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. तिची बोली मला येत नाही, पण आक्काची बोलणी खाल्लेल्या माणसाला अर्थ कळायला भाषा लागत नाही. पदराच्या गाठीतून तिनं गुळाचा खडा काढला. तोंडाशी आणला तेव्हा या गाढवानं काय विचारावं?

"सूरज?"

तिनं माझी हनुवटी धरून मान पश्चिमेला वळवली. "वो रहा. अब खा."

मी खाल्लं. गूळ खाल्ला, मग दशम्या. हात जरा थांबल्यावर आमच्या रिवाजाप्रमाणे रुमालातून पाणी गाळून घेतलं, तर रुमालाची दोन टोकं तिनंच धरली आणि ती पोरीसारखी हसत राहिली. एक दशमी तिनंही खाल्ली. चटणी तिखट लागली तेव्हा मात्र माझ्याकडे संशयानं पाहिलं.

खिंडीच्या अलीकडे ती उतरली. आशीर्वाद नाही, निरोप नाही; दार धाडकन लावलं, दिनेश कुरकुरला. मी तिचं नावही विचारलं नाही. खिंड ओलांडली तर पलीकडचा सगळा उतार सावलीत. "ये न रोकती तो मैं सीधा नीचे उतर जाता," दिनेश म्हणाला. तिला कुणी पाठवलं, हे मी सांगत नाही. तिला घरी जायचं होतं, एवढं मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथला पहाडाकडे तोंड करून उभा राहिलो. त्रिशला पोहोचली, असं वाटलं. आभार मानायचे होते, पण आमचा देव देत नाही तसा घेतही नाही. मग आभार तसेच सोडून दिले वाऱ्यावर. ज्याचे असतील त्याला पोहोचतील.

नियम पोहोचेपर्यंतचाच होता, तरी तो माझ्याकडे राहिला आहे. संध्याकाळी एकटाच ताट वाढून घेतो. घरात अंधारल्यासारखं वाटलं तर उठून बाहेर जातो, कट्ट्यावर उभा राहून बघतो. सूर्य मावळायचा तेव्हा मावळेल. ते आपणच ठरवून डबा बंद करायची घाई आता करत नाही.