गुंडू परबांच्या तीनशे बारा जांभया

गुंडू परब आमच्या कंपनीची बस चालवतात. पहाटे पाच चाळीसला मी हमद टाउनच्या दहा नंबर राउंडअबाउटवर चढते आणि साडेसहाच्या आत सित्राला पोचते. तिथल्या प्रयोगशाळेत मी तेलाचे नमुने तपासते. मागे बसलं की मला मळमळतं, म्हणून ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट माझी ठरलेली आहे. आमची ओळख झाली ती या सीटमुळे. मी पुण्याची, ते कुडाळजवळच्या एका खेड्यातले. मी त्यांना गुंडूभाऊ म्हणते. ते मला आधी मॅडम म्हणायचे, आता विशाखाताई म्हणतात.

वय चोपन्न. बहारीनमध्ये बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत बसला एक ओरखडा नाही. बायको मंगला गावी असते. मुलगा संदेश कुडाळच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. रोज बापाशी फोनवर बोलताना तो दुकानातल्या गोष्टी सांगतो: अमुक फोनची बॅटरी मुद्दाम चिकटवून टाकलीय, तमुक कंपनीने चार्जरच द्यायचा बंद केला. भाऊंना या जगाची गोडी लागली ती त्यातून. आम्हाला सोडल्यावर दुपारी साडेतीनपर्यंत बस उभी असते. ड्रायव्हर लोकांसाठी एक पत्र्याची केबिन आहे, एसी बरा चालतो. बाकीचे तिथे आडवे होतात. भाऊ चष्मा लावून मोठमोठ्या टेक्नॉलॉजी कंपन्यांच्या बातम्या वाचतात आणि त्यांवर मालवणीत लिहितात.

सुरुवात बहारीनमधल्या कुडाळकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली, मग फेसबुकवर पान निघालं. पानाचं नाव ‘तर्जुमा’. कंपनी काय म्हणाली ते वर, आणि त्याचा अर्थ भाऊंच्या शब्दांत खाली. एका बड्या कंपनीने हजारो लोकांना घरी पाठवलं आणि प्रमुखाने पत्रात लिहिलं की या निर्णयाची पूर्ण जबाबदारी मी घेतो. भाऊंनी खाली लिहिलं, “सायबान सगळी जबाबदारी घेतल्यान. नोकरी मात्र दुसऱ्यांची गेली. घेतलेली जबाबदारी सायब ठेवता खंय, कपाटात?”

गाडीची सीट गरम करायला दरमहा वर्गणी भरा, असं एका मोटार कंपनीने काढलं तेव्हा लिहिलं, “वायर गाडयेत आधीच बसवलेली आसा, पण चालू करूक दर म्हयन्याक भाडा. आमच्या बहारीनात सीट फुकट तापता. ऑगस्टात येवन बसा.”

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे एका वेबसाइटच्या परवानगीच्या चौकटीवरचं. “‘आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे’ असा वर लिवलेला, आणि खाली आमचे आठशे सदतीस भागीदार. माझ्या लग्नाक इतकी माणसा नव्हती. आणि ती तरी जेवन गेली.”

हजार-बाराशे लोक वाचायचे. निम्मे सिंधुदुर्गातले, बाकीचे आखातभर पसरलेले. भाऊंना तेवढं पुरे होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या कंपनीने सगळ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा बसवला. डुलकी, फोन, जांभई, नजर रस्त्यावरून हटणं, हे सगळं मशीनने टिपायचं आणि गुण कापायचे. शंभरपैकी किती उरले त्याचा कागद दर रविवारी केबिनच्या दारावर लागायचा. पहिल्या रविवारी सगळ्यात तळाला नाव होतं ते गुंडू परब यांचं. एकेचाळीस गुण.

सुपरवायझर गनीभाई हैदराबादचे, सरळ माणूस. त्यांनी भाऊंना बाजूला घेतलं.

“परब, तुम रात को सोते नहीं क्या? जम्हाई पे जम्हाई.”

“गनीभाई, मैं गाता हूं.”

“क्या?”

“भजन. आलाप लेता हूं तो मुंह खुलता है.”

गनीभाईंनी फोनवरचं ॲप वरखाली करून पाहिलं. “इसमें गाने का बटन नहीं है, परब.”

भाऊ गावाकडे भजनीबुवा होते. चाळीस माणसं घेऊन चालवताना मोठ्याने गात नाहीत, पण रिकामी बस नेता-आणताना त्यांचा आवाज मोकळा असतो. लांब सूर लागला की मशीनच्या हिशेबी ती जांभई. वरून एक बाई इंग्रजीत सांगायची, कृपया विश्रांती घ्या. भाऊंनी दोन आठवडे तोंड मिटून गुणगुणून पाहिलं. मग मला म्हणाले, “ताई, तोंड मिटून गावक गेलंय तर खराच झोप येता.” आणि पुन्हा गायला लागले.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. सलग तीन महिने साठच्या खाली गुण असले तर व्हिसाचं नूतनीकरण पुढे पाठवायचं नाही, असा नियम निघाला होता. भाऊंचा व्हिसा सप्टेंबरमध्ये संपत होता. एप्रिल गेला, मे गेला, गुण पंचेचाळीसच्या वर गेले नाहीत.

जूनमध्ये एका सकाळी मी बसमध्ये चढले तर त्यांनी फोन पुढे केला. “ह्या वाचा.”

कॅमेरे विकणाऱ्या कंपनीने आपल्या पानावर एक लेख टाकला होता. शीर्षक, चालकांनी केलं मनापासून स्वागत. खाली फोटो आमच्या भाऊंचा, स्टिअरिंगवर हात ठेवून अंगठा वर केलेला. फोटोखाली अवतरणचिन्हांत इंग्रजी वाक्य, “आता मला रोज सुरक्षित वाटतं. हा कॅमेरा माझा मित्रच आहे. — गुंडू पी., वरिष्ठ चालक.”

“तुम्ही असं म्हणालात?”

“कॅमेरो बसवलो त्या दिवशी एका पोरीन इंग्लिशमधी विचारल्यान, हाउ डू यू फील. मी म्हटलंय, सीट का कव्हर फट गया है.”

मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. चौदा वर्षांपूर्वी इथेच कुणीतरी कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊन वर हवं ते लिहिल्याची गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली होती. न बोललेलं वाक्य आपल्या नावावर छापलेलं बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आधी पाहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी उभ्या बसमध्ये बसून व्हिडिओ केला. एक मिनिट चाळीस सेकंद. आधी तो फोटो आणि ते वाक्य दाखवलं. मग म्हणाले, “आता माझो मित्र बघा.” आणि एक आलाप लावला. कॅमेऱ्याने टीं टीं केलं, बाईने विश्रांती घ्यायला सांगितलं. भाऊ थांबले, कॅमेऱ्याकडे बघून नम्रपणे म्हणाले, “बाये, अजून अंतरो रवलो.” पुन्हा आलाप, पुन्हा टीं टीं. बस्स, एवढंच.

घरी मी तो माझ्या मुलीला दाखवला. आर्या सोळा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती तीनदा बघून म्हणाली, “आई, धिस इज गोल्ड. कॅन आय पुट सबटायटल्स?” मी भाऊंना विचारलं, ते म्हणाले, टाक म्हणा पोरीला. मालवणीतलं जिथे तिला अडलं तिथे मी सांगितलं. त्या तासाभरात आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी दोघींचा एकत्र आवाज होता.

चार दिवसांत दोन लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. कॅमेऱ्याच्या कंपनीच्या पानावर देशोदेशीचे ड्रायव्हर तोंड उघडे ठेवलेले आपले फोटो टाकू लागले. कंपनीने निवेदन काढलं: आम्ही चालकांच्या अभिप्रायाला अत्यंत महत्त्व देतो आणि सतत सुधारणेसाठी वचनबद्ध आहोत. भाऊंनी लगेच तर्जुमा केला. “माझ्या अभिप्रायाक महत्त्व आसा ह्या आज कळला. विचारूक मात्र कोण इलो नाय, त्यांनी थेट लिवनच टाकल्यानी.”

पाचव्या दिवशी त्यांना ऑफिसमधून बोलावणं आलं.

व्हिडिओत त्यांच्या मागच्या काचेतून कारखान्याचं फाटक दिसत होतं. आमच्या आवारात फोटो काढायला सक्त मनाई आहे. तशी पाटी त्याच फाटकावर आहे. भाऊंच्या लक्षात आलं नाही, आर्याच्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता, पण माझ्या यायला हवं होतं. मी रोज त्या पाटीखालून जाते. अशा गोष्टीवरून माणसाला सरळ परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. मी भाऊंना म्हणाले, मी सोबत येते, चूक माझीही आहे. ते म्हणाले, “बोट माझा, फोन माझो. तुमी फक्त इंग्लिश बोला.”

मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख सुरैया मॅडम बहारीनच्याच. हिंदी त्यांना बऱ्यापैकी समजतं. त्यांनी व्हिडिओ लावला आणि फाटक दिसलं तिथे थांबवला.

“ये क्या है?”

“गेट, मॅडम. गलती मेरी है.”

मग मॅडमनी कॅमेऱ्याच्या कंपनीचा तो लेख उघडला आणि वाक्यावर बोट ठेवलं. “ये तुम बोला?”

“नहीं, मॅडम.”

“क्या बोला था?”

भाऊंनी सीट कव्हरचं सांगितलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं, हसल्या नाहीत. मग गनीभाईंना बोलावून म्हणाल्या, याच्या सगळ्या जांभया काढा.

तीन महिन्यांत तीनशे बारा जांभया जमल्या होत्या. त्यांतल्या चाळीस त्यांनी आमच्यासमोर लावल्या. आवाज नव्हता, नुसतं चित्र. भाऊंची मान सम आली की हलायची, स्टिअरिंगवर बोटं ताल धरायची. पाच-सहा बघितल्यावर गाणं चाललंय हे कुणालाही कळलं असतं. एकतिसाव्या ठिकाणी भाऊच म्हणाले, “मॅडम, ये सच्ची जांभई है.” पुढे आणखी एक निघाली, तीही त्यांनीच दाखवली.

आम्ही उठणार तेवढ्यात गनीभाई म्हणाले, “मॅडम, एक और दिखाता हूं.” तो दुसऱ्या एका ड्रायव्हरचा तुकडा होता, नाव त्यांनी सांगितलं नाही. हायवे, सकाळची वेळ, मागे सीटवर माणसं. ड्रायव्हरचे डोळे मिटले. एक, दोन, तीन सेकंद. मान खाली गेली. मग तो दचकून जागा झाला, कारण कॅमेरा कोकलला होता. भाऊंनी तो तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला.

निकाल दोन दिवसांनी आला. व्हिडिओ काढून टाकायचा, आणि आवारात चित्रीकरण केल्याबद्दल लेखी ताकीद. ती भाऊंनी सही करून घेतली. यापुढे गुण कापण्याआधी प्रत्येक तुकडा माणसाने बघायचा, असं ठरलं. गनीभाईंचं काम वाढलं आणि त्यांनी ते मला दोनदा ऐकवलं. कॅमेऱ्याच्या कंपनीने ते वाक्य काढलं, फोटो ठेवला. सुरैया मॅडमनी पुन्हा पत्र पाठवल्यावर फोटोही काढला. गाण्याचे तुकडे वगळल्यावर भाऊंचे गुण सत्त्याऐंशी झाले आणि व्हिसा दोन वर्षांसाठी पुढे गेला.

त्या आठवड्यात ‘तर्जुमा’वर नव्याने आलेले हजारो लोक पुढच्या विनोदाची वाट बघत होते. भाऊंनी लिहिलं ते असं: “काल मी एक डुलकी बघितलंय. माझी न्हय, दुसऱ्याची. मशीन नसता तर आज चाळीस घरांत रडापडी झाली असती. मशीन माझ्या बाबतीत चुकला, ह्या मी सांगितलंय. तेच्या बाबतीत चुकला नाय, ह्यापण माकाच सांगूक व्हया.” लोकांना ते रुचलं नाही. कुणी विचारलं, कंपनीने किती दिले? कुणी लिहिलं, भाऊ विकले गेले. आर्या चिडून उत्तरं द्यायला बसली तेव्हा भाऊंनी मला फोन करून सांगितलं, तिला थांबवा, ज्यांना जायचंय त्यांना जाऊ दे.

बरेच गेले. आता चार-पाच हजार उरलेत.

कॅमेऱ्याच्या कंपनीने मध्यंतरी त्यांना आपल्या जाहिरातीत घ्यायची तयारी दाखवली. पत्रात ‘सहप्रवास’ असा शब्द होता. भाऊंनी कळवलं, प्रवास करतो तो मी, तुम्ही बसमध्ये नसता. पुढे पत्र आलं नाही.

गेल्या महिन्यात ड्रायव्हर लोकांच्या फोनवर एक नवं हजेरीचं ॲप टाकायला सांगितलं. ते उघडताच फोटो, संपर्क, मायक्रोफोन, सगळ्यांची परवानगी मागत होतं. केबिनमधले बाकीचे होय, होय, होय दाबत सुटले होते. भाऊंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि एकेक ओळ हिंदीत वाचून दाखवली. मायक्रोफोनच्या ओळीवर एका पंजाबी ड्रायव्हरने विचारलं, “हाजरी के लिए मेरी आवाज क्यों चाहिए?” उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा अठरा जणांनी सह्या करून तो प्रश्न ऑफिसला पाठवला. आठ दिवसांनी ॲपची नवी आवृत्ती आली. तिच्यात मायक्रोफोन नव्हता, फोटोंची परवानगी मात्र तशीच होती.

भाऊंनी दुसरा कागद लिहायला घेतला आहे. इंग्रजी बघून द्या म्हणून काल सकाळी त्यांनी तो माझ्या हातात दिला. इंग्रजी ठीक होतं, मी फक्त एक स्वल्पविराम घातला.