मागाच्या खड्ड्यातली बाळंतीण

मांजरीची पिल्लं पाहायला तुम्ही आजवर ज्या ज्या घरी गेलात, त्यांतल्या कोणत्या घरी ‘पिल्लांच्या आईला पाहू द्या’ म्हणालात?

मी तर त्याच घरात राहते, आणि मीही म्हणाले नव्हते.

भंडाऱ्याला आमच्या घरी पुढच्या खोलीत बाबांचा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, हातमाग आहे आणि मागच्या खोलीत आईची मांजरं. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका बाईंची बदली झाली तेव्हा त्या आपली पांढरी पर्शियन मांजर आईकडे सोडून गेल्या. तिला पिल्लं झाली आणि हातोहात खपली. बाबांच्या कोशाच्या साडीला गिऱ्हाईक शोधावं लागतं, पिल्लांचं गिऱ्हाईक दार शोधत येतं, हे आईच्या लक्षात आलं. मग दोन राखाडी मांजरी आल्या, फुगऱ्या गालांचा एक बोका आला, आणि आमच्या मोहल्ल्यात ‘मांजरवाल्यांचं घर’ ही आमची नवी ओळख झाली.

बाबांनी तरुणपणी विणकरांसाठी पत्रकं लिहिली. मी त्यांवरच अक्षरं गिरवली. ‘कमळ’च्या आधी मला ‘कामबंद’ वाचता येत होतं. अशा मुलीनं घरच्या मांजरबाजाराविरुद्ध पत्रक काढणं ओघानंच आलं. मथळा होता ‘मातृत्वाचा व्यापार बंद करा!’ छपाईचे पैसे आईनं दिले. पत्रक कशावर आहे ते मी तिला सांगितलं नाही, आणि पैसे मागच्या खेपेच्या पिल्लाचे आहेत हे तिनं मला सांगितलं नाही. थोड्या प्रती बसस्थानकावर वाटल्या. उरलेला गठ्ठा आईच्या हाती लागू नये म्हणून मागाच्या खड्ड्यात ठेवला. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पट्ट्या दाबतो. तिथं बाबांच्या पायांशिवाय कोणी उतरत नाही.

त्याच पंधरवड्यात पांढरी तिसऱ्यांदा व्याली. पाच पिल्लं.

आमच्या घरी पिल्लांचं स्वागत माणसांच्या रीतीनं होतं. मांजरीला मागच्या खोलीत पडद्याआड ठेवायचं, कारण बाळंतिणीला नजर लागते. पाहुण्यांना पिल्लं दाखवायची ती सुपात, खाली कोशाचा तुकडा अंथरून. बायका यायच्या, सुपावर वाकायच्या, ‘अगे माय, कापसाचे बोंडं व!’ म्हणायच्या, एकीला पांढरं हवं असायचं, दुसरीला राखाडी. पडद्यामागे कोण आहे हे विचारायची रीत नव्हती. मी या सगळ्यात भाग घेत नसे. मी त्याच वेळी दुसऱ्या पत्रकाचा मसुदा लिहीत असे, आणि सूप समोर आलं की पेन ठेवून वाकत असे.

पाचव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या हाताखालून मोहल्ल्यातली निम्मी लेकरं गेलेली.

“पाचवी होय ना आज? धुरी देल्ली का?”

“मांजरीले?” आईनं विचारलं.

“काहून? तिले वारा नाही लागत का?”

आईला ते पटलं. गोवरीच्या निखाऱ्यावर ओवा आणि शेपा पडला, वर लसणाची सालं. मागची खोली धुरानं भरली. पिल्लं एकामागून एक शिंकू लागली. काकूंनी समाधानानं मान हलवली.

“पाह्य, सर्दी निंघून राहिली.”

पांढरीचं मत वेगळं होतं. पडदा हलला, आणि ती एका पिल्लाची मान तोंडात धरून आमच्या पायांमधून पुढच्या खोलीत गेली. परत आली, दुसरं नेलं, असं करत पाचही. आई मागे धावत होती, काकू ‘मांजर पिल्लं सात घरं फिरवतेच व’ असा धीर देत होत्या, आणि पुढच्या खोलीत मागावर आडवा धावणारा बाबांचा धोटा अचानक थांबला.

“माह्या पायावर काहीतरी हाय,” बाबा म्हणाले.

त्यांनी एकेक पाय सावकाश वर काढला. खड्ड्यात, ‘मातृत्वाचा व्यापार बंद करा!’ या मथळ्यावर पांढरी आडवी झाली होती आणि पाच पिल्लं लुचत होती. आईनं आधी मांजर पाहिली, मग मथळा वाचला, मग मला पाहिलं.  

बाबांची साडी अर्ध्यावर होती, लग्नघरची. खड्ड्यात बाळंतीण असताना पट्ट्या दाबता येईनात. इतकी पत्रकं लिहून बाबांना मोहल्ल्यातले माग एक दिवस बंद ठेवता आले नव्हते. पांढरीनं निदान एक तरी ठेवला.

हात रिकामे म्हणून बाबा काठावर बसून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. तुटलेला धागा बोटांनी ओळखणारा माणूस. त्यांचा हात मध्येच थांबला.

“अवो, हिचे तं मणके मोजता येऊन राहिले. हे सारे केसच हायेत, आत मांजर कुठी हाय?”

मी खाली वाकून हात लावला. इतके महिने तिच्यावर लिहीत होते, तिला उचललं कधीच नव्हतं. फासळ्या सरळ बोटांना लागल्या.

“दूध तं देतो ना तिले,” आई म्हणाली. तिचा आवाज मात्र खाली आला होता.

“देतेस, पण वर्षभरात तिसऱ्यांदा व्याली ती,” मी म्हणाले. “पुढच्या वेळी नाही उठायची.”

“तू भाषण नको देऊ. पुढच्या खेपेचं मी जवाहरनगरच्या दुसऱ्या एका बाईले कबूल केलं हाय.”

आणि त्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. या खेपेतलं एक पिल्लू पसंत करायचं आणि पुढच्या खेपेतलं राखाडी सांगून ठेवायचं, असा बेत. सूप मांडायला पिल्लं मागच्या खोलीत नव्हती, म्हणून आईला बाईंनाच मागापर्यंत आणावं लागलं. आमच्या घरी गिऱ्हाइकानं पिल्लांच्या आईला पहिल्यांदा पाहिलं ते असं, पडद्याची सोय नसल्यामुळे.

बाई खड्ड्याच्या काठाशी बसल्या. पिल्लाकडे गेलेला हात मध्येच थांबला.

“ही आजारी आहे का हो?”

“नाही, बाळंतीण हाय ना,” आई म्हणाली.

“नाही, फार वाळली आहे. पिल्लं पण अशीच निघतील.” त्यांनी साडी सावरली. “यांना विचारून कळवते मी.”

चहाही न घेता गेल्या. आई त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. मग आली, खड्ड्याच्या काठावर बसली आणि पांढरीच्या पोटाखाली हात घालून स्वतः चाचपून पाहिलं.

“पिल्लं दुधावरून सुटली का हिले दवाखान्यात नेजा,” ती बाबांना म्हणाली. “ऑपरेशन करून टाकू. बस झालं.” मग माझ्याकडे वळून, “तुह्या कागदानं नाही झालं हे, समजलं? तो कागद तं तिनं ओला केला.”

खरं होतं. माझ्या दोनशे प्रतींत शोषण होतं, भांडवल होतं, उद्गारचिन्हं तर भरपूर होती. मांजरीला दोन वेळा काय खाऊ घालायचं यावर एक ओळ नव्हती. जे माझ्या तत्त्वाला जमलं नाही ते एका नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला जमलं, तेही स्वतःचं पिल्लू धडधाकट निघावं एवढ्याचसाठी. मला हे पचायला वेळ लागला. पांढरीला नाही लागला. ती आईनं आता सुरू केलेली उकडलेली कोंबडी खाऊन त्याच मथळ्यावर झोपायची.

साडी उशिरा गेली. लग्नघरच्यांनी बोल लावले, बाबांनी ऐकून घेतले. दोन महिन्यांनी पांढरीचं ऑपरेशन झालं. आता ती मागाच्या काठावर बसते आणि धोट्याकडे पाहते. राखाडींचं अजून ठरायचं आहे. आई आणि मी त्यावर भांडतो आहोत, मात्र आता मी आधी त्यांना उचलून पाहते आणि मग भांडते.

म्हणून तुम्हाला एवढंच मागते. पिल्लू आणायला कुठंही जाल, आमच्याकडे आलात तरी, तेव्हा रंग सांगण्याआधी म्हणा, “आधी याची आई दाखवा.” नजर लागेल म्हणाले तर चहा घ्या आणि पुन्हा म्हणा. ती समोर आली की तिच्या पाठीवर हात ठेवा, केसांच्या खाली, मणक्यापर्यंत. मणके लागले तर सुपाकडे न बघता उठा, आणि का उठलात ते सांगून निघा.